शाळेत स्वच्छतागृह आहे, तरी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत

केवडा

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. शाळा आठवीपर्यंत. शिक्षक मनापासून शिकवतात, पट टिकून आहे, मुलं शिष्यवृत्तीला बसतात. पण सहावी-सातवीच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी भरून जातात आणि संध्याकाळी तशाच भरलेल्या घरी येतात. विचारलं तर म्हणतात, तहान लागत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हातसुद्धा. कारण सगळ्या आयांना ठाऊक आहे. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि शाळेत जाणं मुली टाळतात.

इमारत आहे. रंगवलेली आहे, दारावर मुलीचं चित्रही काढलेलं आहे. मुलींच्या बाजूला दोन खोल्या. एकीत मोडकी बाकं रचून ठेवलीत. दुसरीच्या दाराला आतून कडी नाही. कडी निखळल्यावर जे भोक राहिलं त्यातून मुलींनी सुतळी ओवली आहे. आत गेलं की सुतळीचं टोक एका हाताने ताणून धरायचं, दुसऱ्या हाताने बाकी सगळं. पाणी बाहेरच्या टाकीतून बादलीने आणायचं. मैत्रीण दाराशी उभी राहते, म्हणजे दोघींचा तास बुडतो. पाळी सुरू असलेल्या मुलीने एका हाताने काय काय करायचं, सांगा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं हा शाळेचा निकषच आहे. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असेल असं सांगितलं, आणि वर्षभराने ४ लाख १७ हजारांहून जास्त बांधून झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यातली सरकारी कंपन्यांनी बांधलेली स्वच्छतागृहं 'कॅग'ने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, १५ राज्यांत जाऊन पाहिली. २०२० च्या त्या अहवालात ७२% स्वच्छतागृहांत वाहतं पाणी नव्हतं, ५५% ठिकाणी हात धुवायची सोय नव्हती, आणि काही तर जागेवर सापडलीच नाहीत. म्हणजे आमची सुतळी एकट्या आमच्या गावची नाही.

बांधून झाल्यावर पुढचं रोजचं काम कोणाचं, हा माझा प्रश्न आहे. तुमच्याकडे कुठे हे नीट चालत असेल तर कोण चालवतं, पैसा कुठून येतो? शिक्षक, डॉक्टर, ग्रामपंचायतीतलं कोणी असेल तर जरूर लिहा.

बांधावरून

केवडाताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी मराठवाड्यात जि.प. शाळेवर शिक्षक आहे. आमची बाजू सांगतो.

प्राथमिक शाळेला शिपाई नाही. सफाई कामगार नाही. घंटा आम्हीच देतो, कुलूप आम्हीच उघडतो. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, तेही पटावर. ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. त्यातले किमान १०% स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे ८० पटाच्या शाळेला वर्षाचे अडीच हजार. त्यात फिनेल, ब्रश, बादली, साबण, फुटलेला नळ. माणूस त्यात बसतच नाही. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर आधी गुरुजींच्या खिशातून.

वीजबिल थकलं की मीटर जातं. मोटर बंद, टाकी कोरडी. बोअर असून पाणी नाही अशी अवस्था.

आता कुलपाबद्दल. लोक आम्हाला शिव्या देतात की स्वच्छतागृहाला कुलूप का. आवाराला भिंत नसलेल्या शाळेत रात्री काय चालतं ते सकाळी आम्ही बघतो. दारूच्या बाटल्या फोडून शौचाच्या भांड्यात टाकलेल्या असतात. नळ चोरीला जातात, टाकीचं झाकणसुद्धा जातं. सोमवारी सकाळी लहान मुलाला तिथे पाठवायला भीती वाटते. म्हणून कुलूप लागतं. मग किल्ली कार्यालयात टेबलाच्या खणात, आणि कार्यालयात बसलेत सर.

केवडा

सर, अडचण समजली. पण सातवीतली मुलगी सरांकडे किल्ली मागायला जाणारच नाही. आमच्याकडे दोन बाई आहेत म्हणून निभतं. द्विशिक्षकी शाळेत दोन्ही पुरुष असले तर त्या मुलीने कोणाला सांगायचं?

बांधावरून

खरं आहे. आम्ही किल्ली वर्गातल्या खिळ्याला टांगायला सुरुवात केली. कोणाला विचारायचं नाही, घ्यायची आणि परत टांगायची. संध्याकाळी मोठ्या वर्गाच्या मुली आठवणीने कुलूप लावतात. तेवढ्याने फरक पडला, मुली जायला लागल्या. पाण्याचा प्रश्न मात्र आहेच.

निशिगंध

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना. केवडा यांनी लिहिलेल्या बाटल्यांचा दुसऱ्या टोकाचा भाग माझ्याकडे येतो.

जळजळ होते, पोटात खालच्या बाजूला दुखतं, ताप येऊन जातो, म्हणून मुली येतात. तपासलं की लघवीचा जंतुसंसर्ग. औषधाने बरा होतो आणि पुन्हा होतो, कारण सवय तीच. तासन् तास लघवी धरून ठेवली की मूत्राशय नीट रिकामं व्हायचं विसरतं, थोडी लघवी आत साचून राहते आणि जंतूंना ती जागा मिळते. पाणी कमी म्हणजे बद्धकोष्ठताही आलीच, आणि बद्धकोष्ठतेने लघवीचा त्रास आणखी वाढतो. काही मुलांना मग उलट त्रास सुरू होतो: कपड्यात थेंब थेंब होणं. घरचे त्यांना रागावतात. मुलाचा त्यात काही दोष नसतो.

शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. मूल "जाऊ का" म्हणालं तर "मधल्या सुट्टीत का नाही गेलास" हा प्रश्न विचारू नका. सुट्टी दहा मिनिटांची, रांग पन्नास मुलांची, त्यात लहान मागेच राहतात. पहिली-दुसरीच्या मुलांना तर तुम्हीच आठवण करून पाठवा. आणि पालकांनी घरी लघवीचा रंग बघायला शिकवावं. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं.

पाळीबद्दल एक. सकाळी लावलेलं पॅड संध्याकाळी घरी जाऊन बदलणाऱ्या मुली मला रोज भेटतात. मांड्या सोललेल्या असतात. शाळेत पॅड वाटप होतं, २०१८ मध्ये राज्याने अस्मिता योजना काढली, तिच्यात जि.प. शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायची सोय होती. चांगलंच काम. पण बदलायला दाराला कडी आणि वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा नसेल तर पाकीट दप्तरातच राहतं. डबा नसला की पॅड भांड्यात टाकलं जातं, भांडं तुंबतं, आणि आहे ती खोलीही बंद पडते.

रानजाई

+१ डॉक्टर.

आमच्या इकडे वर्ध्याच्या बाजूला मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. हजेरी सकाळीच झालेली, म्हणून हजेरीत हे दिसतच नाही. चौकशीला आलेल्यांना पट आणि उपस्थिती दोन्ही छान दिसतात. गणित-विज्ञानाचे तास आमच्या शाळेत दुपारी असतात. दर महिन्याला चार दिवस दुपारचे तास बुडाले तर वर्षाच्या शेवटी ती मुलगी गणितात कच्ची, आणि मग घरचे म्हणतात, हिला काही डोकं नाही, कशाला पुढे शिकवायची.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांमध्ये मुलींसाठी वापरण्याजोगं स्वच्छतागृह असलेल्या शाळा २०१० मध्ये ३२.९% होत्या, २०२४ मध्ये ७२%. सुधारणा आहे, ती मानायला पाहिजे. पण देशभरात अजून चारातल्या एका शाळेहून जास्त ठिकाणी मुलींसाठी चालू स्थितीतलं स्वच्छतागृह नाही. आणि पाहणी त्या दिवशीची असते. उन्हाळ्यात टाकी आटल्यावर कोण बघायला येतं?

सातबारा

विषय मुलींचा आहे हे समजून लिहितो, पण मुलग्यांची सोय आहे असं धरून चालतात तसं नाही. आमच्या शाळेत मुलग्यांसाठी एक लांब उघडी भिंत आणि खाली पन्हळ. मधे आडोसा नाही. मोठी मुलं मागून ढकलतात, चड्डी ओढतात, टिंगल करतात. पाचवीतली मुलं मग शाळेच्या मागे बाभळीत जातात. तिथे काटे, विंचू, पावसाळ्यात साप. शौचाला लागली तर घर गाठायचं, नाही गाठलं तर दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाला नाव पडतं आणि ते वर्षभर पुसत नाही.

माझा पुतण्या कुबड्यांवर चालतो. शाळेला उतार बांधला आहे, मोजमापात मंजूर झालेला. उतार जिथे संपतो तिथे वीतभर उंचीची पायरी आहे. वर गेलात तर दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात तांदळाची पोती. त्याची आजी रोज दुपारी शाळेत येते आणि त्याला घरी नेऊन आणते. आजी आजारी पडली की पोराची शाळा बुडते.

मुक्काम_डोंबिवली

शहरातून लिहितेय. सुरक्षिततेवर कोणी अजून बोललं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाला. करणारा तिथलाच कंत्राटी सफाई कर्मचारी. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, लोकल दिवसभर अडकल्या. मी त्या दिवशी गाडीत होते आणि एकदाही मला लोकांचा राग आला नाही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, सगळ्याचे आदेश पुन्हा निघाले. ती शाळा खाजगी होती, पण प्रश्न सगळ्या शाळांचा आहे.

शाळेत प्रवेश घेताना आपण फी, माध्यम, बस विचारतो. चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात कोण घेऊन जातं, हे विचारत नाही. ते आता पहिलं विचारा. मदतनीस बाई आहे का, ती सुट्टीवर असली तर कोण, पुरुष कर्मचारी त्या भागात कधी जातात. शाळा सुटल्यावरच साफसफाई व्हायला पाहिजे, मुलं आत असताना नाही.

भिमथडी

सरळ सगळीकडे कॅमेरे लावा. पुरावा राहील, धाक राहील.

मुक्काम_डोंबिवली

स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही, आणि लावूही नये. बाहेरच्या वाटेवर जरूर लावा. पण चित्रण रोज बघणारं कोणी नसेल तर घटना घडून गेल्यावरच त्याचा उपयोग. माझ्या मते जागा जास्त महत्त्वाची. इमारतीच्या मागे, जिन्याखाली, कंपाउंडच्या टोकाला बांधलेलं स्वच्छतागृह कोणाच्याच नजरेत नसतं. दार व्हरांड्यातून दिसेल असं असावं, आतलं दिसू नये. येणारं-जाणारं माणूस असलं की धाक आपोआप राहतो.

बांधावरून

आमच्याकडे वीजच नाही, कॅमेरा कुठला. डोंबिवलीताईंशी सहमत. आणि बांधकामाचंही बघा. आत जाण्याआधी छत आणि भिंत बघायची सवय आम्हीच लावून घेतली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेलीला शाळेच्या स्वच्छतागृहाची भिंत कोसळून तीन विद्यार्थी गेले. वर्गखोली धोकादायक असली की आपण अर्ज करतो, निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडायचा, प्रस्ताव पाठवतो. स्वच्छतागृहाची भिंत फुगली तर तिकडे लक्षही जात नाही.

अबोली_७

शहापूरचं कोणी लिहिलं नाही. जुलै २०२५. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना एकत्र करून विचारलं आणि पाळी कोणाला आहे हे कपडे काढायला लावून तपासलं. मुख्याध्यापिकेला आणि मदतनीस बाईला अटक झाली. ती बातमी वाचली तेव्हा माझी मुलगी सहावीत होती. तिने मला विचारलं, डाग पडला तर आपल्यालाही असं करतील का?

डाग दिसला तर पाणी ओतायचं. डबा नसेल तर डबा ठेवायचा. एवढं करायचं सोडून मोठ्या माणसांच्या डोक्यात तपासणी येते, याचा अर्थ पाळी हा मुलीचा गुन्हा आहे असंच अजून वाटतं. मुलगी घाबरून लपवते, लपवायला जागा नाही म्हणून डाग पडतात. नुसती बाई शिक्षिका असून भागत नाही. तिलाही हे कोणीतरी शिकवायला हवं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. मी इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये साहाय्यक शिक्षिका आहे. गरम पाणी, साबण, कागद सगळं आहे, तरी इथलीही मुलं घरी येईपर्यंत धरून ठेवतात. स्वच्छतागृहात वेपिंग (ई-सिगारेट ओढणं) आणि मारामाऱ्या होतात म्हणून शाळा बरीचशी कुलूपबंद ठेवतात. २०२१ च्या सप्टेंबरात टिकटॉकवरच्या खुळापायी मुलांनी साबणाच्या डब्या आणि नळ उखडून नेले, तेव्हा हे आणखी वाढलं. अनेक शाळांत आता वर्गाबाहेर जायचा पास संगणकावर निघतो, किती मिनिटं बाहेर होतात त्याची नोंद राहते. पाळी असलेली मुलगी ती मिनिटं मोजत बसते. चार जणांनी नासधूस केली की शिक्षा सगळ्यांना, हे दोन्हीकडे सारखंच दिसतंय.

भिमथडी

एक विचारतो. आमच्या वेळी आम्ही मुलंच शाळा झाडायचो, सडा टाकायचो. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात मुलांनी पाळीपाळीने स्वच्छतागृह धुतलं तर काय बिघडलं? श्रमाची लाज वाटू नये.

ओळंबा

भिमथडी, तुमचा हेतू चांगला आहे असं समजून उत्तर देतो. मी शाळेत असताना वर्ग झाडायची पाळी सगळ्यांवर यायची. स्वच्छतागृहाची पाळी ठरलेल्या चार-पाच पोरांवर यायची. ती पोरं कोणत्या वस्तीतली होती हे मी सांगायची गरज नाही, तुम्हाला वाचतानाच कळलं असेल. गुरुजी कधी जात काढून बोलले नाहीत. फक्त नावं तीच घ्यायचे. मी त्यातला एक होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचाच्या टाकीत उतरवून साफ करायला लावलं होतं. कायद्याने मोठ्या माणसालाही तिथे असं उतरवता येत नाही.

मैदान झाडू द्या, झाडांना पाणी घालू द्या, आपण वापरलं की बादलीभर पाणी ओतायची सवय लावा, ती सगळ्यांना लावा. पण ॲसिड, तुंबलेलं भांडं आणि टाकी हे पगार घेऊन, हातमोजे-बूट घालून करायचं काम आहे. गाडगेबाबांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला होता, दुसऱ्याच्या पोराच्या हातात दिला नव्हता.

भिमथडी

पटलं. ही बाजू मी पाहिली नव्हती. धन्यवाद.

कारभारी_पठार

ग्रामपंचायतीत काम केलेलं आहे, म्हणून पैशाचं लिहितो. केवडाताईंचा मूळ प्रश्न तोच आहे.

शाळेच्या अनुदानात हे होणार नाही, गुरुजींनी हिशेब मांडलाच आहे. पैसा ग्रामपंचायतीकडे असतो. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६०% बंधित होता: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. आमच्याकडे शाळेची टाकी, पाइपलाइन, हात धुवायचा ओटा आणि स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्यातून झाली. अट एकच, काम गावाच्या विकास आराखड्यात असावं लागतं. आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि तिथे रस्ता आणि सभामंडप यांचाच आवाज मोठा असतो.

म्हणून आधी महिला ग्रामसभेत विषय घ्या. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते, बऱ्याच गावांत फक्त सह्या होतात. चाळीस बाया प्रत्यक्ष बसल्या आणि ठराव लिहून घेतला तर तो पुढे डावलणं अवघड जातं. शाळा व्यवस्थापन समितीचाही ठराव जोडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे मताला तुम्ही कमी पडणार नाही.

माणसाच्या पगाराचं वेगळं. वित्त आयोगाच्या निधीतून पगार देता येत नाही. तो घरपट्टी-पाणीपट्टीतून जमणाऱ्या स्वनिधीतून द्यावा लागतो. गावाची गटारं साफ करणारा कर्मचारी असतोच. त्याच्या कामात रोज सकाळी शाळा भरायच्या आधीचा एक तास शाळेला लावून घ्या, आणि वाढीव कामाचा वाढीव मोबदला ठरावातच लिहा. फुकटात लादलेलं काम महिन्याभरात बंद पडतं.

निशिगंध

कारभारी, शिवाय माप धरूनच मागणी करायला सांगा. केंद्र सरकारच्या स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या मार्गदर्शिकेत ४० मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असा निकष आहे. दोनशे मुलांच्या शाळेत दोन खोल्या असल्या की सगळे म्हणतात, आहे की सोय.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबा, तुमचा प्रतिसाद समितीच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

पुढच्या बैठकीत काय मांडायचं ते ठरलं. मोडकी बाकं बाहेर काढून दुसरी खोली चालू करायची. दोन्ही दारांना आतून कडी, आणि कपडे-दप्तर अडकवायला खुंटी. कडी हार्डवेअरच्या दुकानात शंभराच्या आसपास मिळते, त्यासाठी ठरावाची वाट बघणार नाही, या शनिवारी सुतार घेऊन जाते. किल्ली गुरुजींनी सांगितली तशी वर्गात. झाकणाचा डबा, आणि तो रिकामा करायचं काम मुलींवर नाही. पाण्याची पाइपलाइन आणि सफाईचा मोबदला महिला ग्रामसभेत.

कारभारी, एक शंका. सरपंच म्हणाले की शाळा जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीने खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. असं येतं का?

कारभारी_पठार

कामाचं नाव नीट लिहिलं आणि आराखड्यात असलं तर आमच्याकडे आला नाही. आक्षेप येतो तो ठराव नसताना बिल काढलं की. मुख्याध्यापकांचं मागणीपत्र, समितीचा ठराव आणि शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तिन्ही कागद फाइलला आधी लावा, मग काम सुरू करा. सरपंच तरी ऐकत नसतील तर ग्रामसेवकांना ग्रामसभेतच सगळ्यांसमोर विचारा आणि त्यांचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. समितीच्या ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे, विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) करा, पाठवतो.